ओळखपत्रामागचे बटण : अपघात विभागातील दहा महिन्यांचा अनुभव

आमच्या अपघात विभागात गेले दहा महिने प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे एक लहानशी डबी असते. तिच्या दोन्ही कडा एकदम दोन सेकंद दाबल्या, की कोणीतरी अंगावर धावून आले आहे किंवा येण्याच्या बेतात आहे, हा निरोप सुरक्षा कक्षात पोहोचतो. अशा यंत्रणा अनेक कंपन्या विकतात आणि त्यांची रचना बरीचशी सारखीच असते. शिवाय पुढे लिहिलेल्या दोषांपैकी काही आमच्या इमारतीचे आणि काही आमचे स्वतःचे आहेत. म्हणून उत्पादकाचे नाव देत नाही.

छतावर ठिकठिकाणी बसवलेली छोटी प्रक्षेपके आपापला क्रमांक सतत सांगत असतात. डबी तो क्रमांक ऐकते आणि बटण दाबले जाताच कर्मचाऱ्याच्या नावासह शेवटी ऐकलेला क्रमांक पाठवते. सुरक्षा कक्षातील आणि परिचारिकांच्या टेबलावरील पडद्यावर खोलीचे नाव लाल अक्षरांत येते. खोलीत मात्र कसलाही आवाज होत नाही; फक्त डबी बोटांखाली एकदा थरथरते आणि निरोप गेल्याचे आपल्याला कळते. मला या यंत्रणेचा सर्वांत आवडलेला गुण हाच. पूर्वी भिंतीवर लाल बटण होते. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी चिडलेल्या माणसाला ओलांडून जावे लागे आणि ते वाजले की तो माणूस आणखी भडके.

एका रात्री एक तरुण वडिलांच्या मोडलेल्या मनगटासाठी तीन तास थांबला होता. आधी तो येरझाऱ्या घालत होता, मग स्वतःशीच पुटपुटू लागला आणि शेवटी दोन्ही मुठी टेबलावर आपटून माझ्या तोंडाजवळ तोंड आणून शिव्या देऊ लागला. मी ओळखपत्र सरळ करीत असल्यासारखा हात नेला आणि बटण दाबले. मिनिटाच्या आत चार सुरक्षारक्षक धावत आले. यंत्राने आपले काम चोख केले. पण चार गणवेश एकदम अंगावर आलेले पाहून तो तरुण अधिकच पेटला. अखेर तो शांत झाला तो आमच्या वरिष्ठ सिस्टरांनी त्याला बाजूला घेऊन, त्याच्या वडिलांच्या आधी किती रुग्ण आहेत आणि ते आधी का, हे सांगितल्यावर. त्यानंतर आम्ही नियम केला की सर्वांत पुढे एकच रक्षक आणि विभागातील एक अनुभवी कर्मचारी यावा, बाकीच्यांनी दाराबाहेर थांबावे. विक्रेत्याच्या प्रशिक्षणात याविषयी एक अक्षर नव्हते. बटण कसे दाबायचे हे त्यांनी अर्धा तास शिकवले, दाबल्यावर येणाऱ्याने काय करायचे हे मात्र आम्हीच ठेचा खात शिकलो.

त्या रात्रीची येरझार आणि पुटपुटणे हीच खरी सूचना होती आणि ती मी वाया घालवली. अपघात विभागांतील हिंसेविषयी 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात रोखून पाहणे, आवाजाचा सूर, अस्वस्थता, पुटपुटणे आणि येरझारा अशी पाच लक्षणे मांडली आहेत. ही डबी त्यांपैकी एकही ओळखू शकत नाही. तशी अपेक्षा कोणी करूही नये, परंतु गळ्यात बटण आहे या भरवशावर आमचे लक्ष काहीसे सैल झाले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

आता दोषांकडे वळते. तिसऱ्या महिन्यात माझ्या एका सहकारी सिस्टरचा हात एका रुग्णाच्या नातेवाइकाने क्ष-किरण कक्षाकडे जाणाऱ्या बोळात पिरगाळून धरला. तिने बटण दाबले, पडद्यावर नाव उमटले ते प्लास्टर कक्षाचे, आणि रक्षक त्या रिकाम्या खोलीत जाऊन उभे राहिले. बोळात प्रक्षेपकच नव्हते, त्यामुळे डबीने मागे ऐकलेला क्रमांक पाठवला होता. तक्रार केल्यावर कंपनीने दोन प्रक्षेपके वाढवली, पण जिने, बोळ, औषधसाठ्याची खोली आणि कर्मचाऱ्यांचे स्वच्छतागृह यांची चाचणी बसवतानाच का झाली नाही, याचे समाधानकारक उत्तर आजतागायत मिळालेले नाही. डबीतील बॅटरी संपत आल्याची सूचना संगणकावर दिसते, डबीवर नाही. म्हणजे जिच्या गळ्यात ती आहे तिलाच ते ठाऊक नसते. सुरुवातीला एकाच कडेवर बटण होते, तेव्हा रुग्णाला उचलताना ते खाटेच्या कठड्याला लागून आपोआप दाबले जाई आणि रक्षक फुकटच्या धावपळीला कंटाळले होते. दोन कडांची सुधारित डबी आल्यावर ती कटकट जवळजवळ मिटली. गळ्यातील फीत ओढली की सुटते, पण ती फक्त मानेमागे. मागून पकडले तर तेवढे पुरेसे नाही. मी ती फीत वापरणेच सोडले आणि डबी खिशाला चिमट्याने लावते.

इमारतीबाहेर या यंत्रणेचा काडीचाही उपयोग नाही. रुग्णवाहिकेवरचे आमचे सहकारी अनोळखी घरात शिरतात, तिथे बाहेर पडण्याचा एकुलता एक रस्ता बहुधा त्यांच्या पाठीमागे असतो आणि मदतीला एकच जोडीदार. त्यांना उपग्रहावरून ठिकाण कळवणारे, दाबताच नियंत्रण कक्षाला बोलणे ऐकवणारे वेगळे उपकरण लागते. ‘रुग्णवाहिका विभागासाठीही उपयुक्त’ हे माहितीपत्रकातील वाक्य म्हणूनच मला सरळ दिशाभूल वाटते.

तरीही मी ही यंत्रणा काढून टाका असे म्हणणार नाही, आणि त्याचे कारण खरेदी करताना आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही नव्हते. प्रत्येक दाबाची वेळ आणि जागा आपोआप नोंदली जाते. पूर्वी शिवीगाळ झाली तर दोन पानी अर्ज भरावा लागे आणि बारा तासांच्या पाळीनंतर तो कोण भरणार? धक्काबुक्की झाली तरच कागद निघे, शिव्या आणि धमक्या कामाचाच भाग म्हणून गिळल्या जात. 2019 मध्ये जगभरातील 253 अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, वर्षभरात 61.9 टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना कोणत्या ना कोणत्या हिंसेला आणि 24.4 टक्क्यांना शारीरिक हिंसेला तोंड द्यावे लागले होते. आमच्या जुन्या फायली पाहिल्या असत्या तर आमचा विभाग जणू या जगात नाहीच, असे वाटले असते.

सहा महिन्यांच्या नोंदी वेळेनुसार मांडल्या तेव्हा बहुतेक दाब पाळी बदलण्याच्या सुमारास पडलेले दिसले. त्या अर्ध्या तासात जुनी आणि नवी पाळी आत बसून रुग्णांची माहिती देत-घेत असते, खिडकीवर कोणी नसते आणि बाहेर थांबलेल्यांना वाटते की आपल्याला सगळे विसरले. आता त्या वेळेत एक जण बाहेरच राहते आणि प्रत्येक नातेवाइकाजवळ जाऊन, अजून साधारण किती वेळ लागेल ते सांगते. नवीन उपकरण नाही, नवीन माणूस नाही. फक्त कामाची वाटणी बदलली. तेव्हापासून त्या अर्ध्या तासातील लाल अक्षरे लक्षणीय कमी झाली आहेत.

पाचपैकी तीन तारे देते. घेण्याआधी विक्रेत्याला हातात डबी घेऊन प्रत्येक बोळातून आणि जिन्यातून आपल्यासमोर चालायला लावावे, शक्यतो रात्रपाळीत, आणि पडद्यावर कोणते नाव येते ते स्वतः उभे राहून पाहावे. नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील आणि करार संपल्यावर त्या आपल्याला मिळतील की नाही, हे लेखी घ्यावे. आम्ही घेतले नव्हते आणि नूतनीकरणाच्या बोलण्यात आमचे घोडे सध्या नेमके तिथेच अडले आहे.