स्प्लेंडरच्या कार्बोरेटरचं रिपेअर किट: एक पावसाळा काढल्यानंतर

गाडी २००९ ची स्प्लेंडर प्लस, ९७.२ सीसी. चोक दिल्याशिवाय सकाळी सुरू होत नव्हती, सिग्नलला रेस सोडली की बंद पडायची, साइड स्टँडला लावली की खाली पेट्रोल टिपकायचं. मेकॅनिक म्हणाला, नवा कार्बोरेटरच टाका. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं रिपेअर किट आणलं आणि घरीच बसवलं. पावसाळ्याआधी बसवलेलं, आता दिवाळी झाली.

किटमधली फ्लोटची सुई, म्हणजे कार्बोरेटरची वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी, एक नंबर. जुन्या सुईच्या टोकाला, सीटवर बसते तिथं, नखाला लागेल अशी गोल चरी पडलेली. पेट्रोल थांबणार कसं? सुई बदलली आणि ओव्हरफ्लो बंद झाला. वाटीची जुनी ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारं गोल रबर, फुगून खाचेत बसत नव्हती, तीही बदलली.

किटमधले जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी नळ्या, मात्र वापरू नका. नवा स्लो जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा) उजेडाकडं धरला तर भोकाच्या कडेला पितळेचं कुसळ दिसत होतं. कंपनीचे जुने जेटच क्लीनर स्प्रेनं धुऊन, हवा मारून परत बसवले. भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. त्यात क्लचची तार खुपसणारे उस्ताद बरेच आहेत, त्यांच्यापासून जेट लांब ठेवा.

ट्युनिंग गाडी पूर्ण तापल्यावरच. मी पन्हाळ्याचा घाट चढवून आणली आणि मग पाना घेतला. मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, तिथं उलटं. पाव-पाव फेरा फिरवत आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा होतो तिथं थांबायचं, मग स्लोचा स्क्रू सैल करून आयडलिंग १४०० आरपीएमच्या आसपास आणायचं. स्क्रू आत आवळून बसवू नका, टोक खराब होतं.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. ऊस आपलाच, त्यामुळं तक्रार कुणाकडं करणार! पण इथेनॉलनं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीसारखं कार्बोरेटरला ते आपोआप सावरता येत नाही. म्हणून मी स्क्रू किंचित पेट्रोलकडं ठेवलाय. प्लग विटकरी निघतोय, काजळी नाही, म्हणजे मिश्रण बरोबर आहे. इथेनॉल पाणीही ओढतं, तेव्हा गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीचा ड्रेन स्क्रू सोडा.

रबर आणि सुईसाठी हे किट परत घेईन. घ्यायला जाताना जुनी वाटी खिशात टाकून न्या. मॉडेल एकच असलं तरी ओ-रिंगचा आकार जुळेलच असं नाही, आणि पाकीट फोडल्यावर दुकानदार परत घेत नाही.