शीशमचं वाढणारं डायनिंग टेबल: मधल्या फळीने घातलेला घोळ

सहाचं आठ होणारं टेबल आम्ही घेतलं ते मुख्यतः गौरीजेवणासाठी. आणि नेमकी आदल्या रात्री मधली फळी बसेना. टेबल दोन्हीकडून ओढलं, चॅनल सुरळीत सरकले, मधली खुंटी भोकात गेली. कडेच्या दोन मात्र भोकांच्या काठावर अडून राहिल्या. टेप लावून पाहिलं तर 90 सेंटीमीटरची फळी टेबलाच्या रुंदीपेक्षा तीनेक मिलिमीटर जास्त भरली. शेवटी पाहुण्यांना दोन पंगतींत वाढावं लागलं.

फळी उलटी केली तेव्हा कारण दिसलं. वरून आरशासारखं पॉलिश. खालची बाजू आणि खुंट्या असलेल्या कडा मात्र कोऱ्या, बोट फिरवलं तर खरखरीत. लाकूड रेषांच्या लांबीत फारसं फुगत नाही, आडवं फुगतं. फळीवरच्या रेषा टेबलाच्या लांबीत जातात, म्हणजे तिची 90 ची बाजूच वाढणार. त्यात रेषा कापल्या गेलेली कड ओल सगळ्यात भराभर शोषते. ठाण्याचा पावसाळा, फळी पलंगाखाली, कड कोरी. आणखी काय होणार?

सर्व्हिसवाल्यांनी फोटो मागवले, मग पुन्हा मागवले आणि सांगितलं की लाकूड नैसर्गिक आहे, हवेमुळे होणारा बदल वॉरंटीत येत नाही. नवी फळी विकत मिळेल. लाकूड फुगतं हे मलाही कळतं हो, पण खालून पॉलिश मारायचं ठेवलं ते पावसाने नव्हे. अडतीस हजार मोजल्यावर त्याच फळीचे पुन्हा पैसे मी देणार नाही, हे तोंडावर सांगितलं.

तेव्हाच लिहिलं असतं तर दोनच स्टार दिले असते. पण थंडीत हवा कोरडी झाली आणि तीच फळी अलगद बसली. मग आमच्या नेहमीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी फळी रंध्याखाली घेतलीच नाही. "आत्ता तासली तर उन्हाळ्यात तोकडी पडेल," म्हणाले. मधलं भोक तसंच ठेवलं, कडेची दोन्ही भोकं आडवी लांबवली, म्हणजे फळी फुगली तरी खुंटीला सरकायला जागा. खालून आणि सगळ्या कडांना पॉलिशचे दोन हात दिले. मजुरी नऊशे रुपये. त्यानंतरच्या पावसाळ्यात फळी पहिल्या झटक्यात बसली. खरं सांगायचं तर टेबल दणकट आहे, ओढलं तरी मध्ये झोल येत नाही. उजेडातल्या टेबलाचा आणि पलंगाखालच्या फळीचा रंग आता थोडा वेगळा दिसतो, तेवढं चालतं.

आठ जणांचा दावा मात्र ताणलेला आहे. 120 चं टेबल फळी लावून 165 होतं. माणशी 60 सेंटीमीटर धरले तर एका बाजूला तिघांना 180 हवेत. ताट, वाट्या, भांडं मांडलं की कोपराला कोपर लागतोच.

नणंदेकडे टेबलाच्या पोटातच दुमडून राहणारी फळी आहे. ती पलंगाखाली ठेवावी लागत नाही, टेबलाच्याच हवेत राहते. फक्त बिजागऱ्यांच्या फटीत शितं अडकतात. घरात जागा कमी असेल तर तेच घ्या.

सुटी फळी घेणार असाल तर दुकानातच ती बाहेर काढायला लावा, उलटी करा, कडेवरून बोट फिरवा. कोरी लागली तर "सर्व बाजूंनी पॉलिश" असं बिलावर लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. टेबलाला चार स्टार, सर्व्हिसला एक.