काळोखी नाटकाचा पहिला प्रयोग: स्पर्धेत की जत्रेत?

संहिता नवी आहे. तिच्यात मरण आहे, घराने दडपलेलं पाप आहे आणि शेवटी दिलासा नाही. गोव्यातल्या नाट्यमंडळापुढे दोन वाटा आहेत: कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरायचं, की गावच्या जत्रेतलं रात्रीचं नाटक म्हणून हेच उभं करायचं?

स्पर्धेला बसणाऱ्यांत नाटकवाल्यांचा भरणा असतो. दुसऱ्या मंडळांतले कलाकार, नाटक शिकणारी मुलं, नटांचे नातेवाईक. ही मंडळी गप्प बसतात, विराम ऐकतात, अंधाराला बिचकत नाहीत. पण प्रयोग संपला की रंगपटात येऊन जो तो "बरें जालें" म्हणतो आणि खरं मत बाहेर गाड्यांपाशी, तुमच्या पाठीमागे देतो. परीक्षकांचे गुण हाती येतात, पण दुसऱ्या अंकात प्रेक्षागृह नेमकं कुठे सैल पडलं, ते गुणांत दिसत नाही.

जत्रेत भीड नसते. पालखी होऊन बऱ्याच उशिरा पडदा वर जातो, पुढे पोरं बसकण मारून, मागे खाज्याच्या दुकानांचा गलबला. कंटाळले की लोक उठतात, आणि उठतात ते तुमच्या डोळ्यांदेखत. शिवाय नट गावचेच. खुनी झालेल्या माणसाच्या दुकानावर दुसऱ्या दिवशी साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक "बायलेक मारलीच कित्याक?" (बायकोला मारलीसच का?) असं विचारतं, तेव्हा त्या प्रश्नात लेखकाला हवी ती समीक्षा सापडते: खुनामागचं कारण लोकांपर्यंत पोचलेलं नाही.

मात्र जत्रेला काय घाबरवेल याचा अंदाज शहरात बसून लिहिणाऱ्यांचा हमखास चुकतो. देवचार नावाच्या भुताला रोट (जाड भाकरी) आणि सोरो (दारू) ठेवणाऱ्या गावाला रंगमंचावरचं भूत काय भिववणार? देवचार तर राखणदार, रात्री-अपरात्री वाट दाखवणारा. काल्यातला (जत्रेतल्या दशावतारी खेळातला) काळा राक्षस संकासुर बघत वाढलेल्या पोरांना काळा मुखवटा हे हसण्याचं निमित्त. पण दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठी 1975 चा कायदा होऊनही घर नावावर न झालेलं कुटुंब रंगमंचावर आणा, किंवा 2012 मध्ये खाणी थांबल्यावर खनिज वाहणाऱ्या ट्रकाच्या हप्त्यांनी पोखरलेला बाप आणा. गलबला थांबतो. माझ्या मते निवड खरी इथेच ठरते. तुमच्या नाटकातला काळोख भास, आवाज, सावल्या यांतून येत असेल तर स्पर्धेत जा. तो घराच्या आणि जमिनीच्या भानगडींतून येत असेल तर जत्रा सोडू नका, फक्त देवस्थान समितीला संहिता आधी वाचून दाखवा. आपलंच घर दाखवलं म्हणून एखादा तिथल्या तिथे उभा राहू शकतो.

तंत्राच्या बाजूने बघाल तर तुलनाच नको. फोंड्याचं राजीव गांधी कलामंदिर किंवा एखादं रवींद्र भवन मिळालं तर पूर्ण अंधार मिळतो. देवळापुढच्या दिव्यांच्या माळा तुमच्या एका प्रवेशासाठी कोण विझवणार? टांगलेल्या माईकमध्ये कुजबुज हरवते, म्हणून जत्रेसाठी संहितेतले कुजबुजीचे प्रवेश आधीच मोठ्याने बोलायच्या वाक्यांवर आणावे लागतात.

फारसं कुणी बोलत नाही असा मुद्दा म्हणजे स्त्री भूमिका. उत्सवी नाटकांत त्या बऱ्याचदा बाहेरून मानधनावर बोलावलेल्या अभिनेत्री करतात. हंगामात त्यांच्या हातात अनेक नाटकं असतात, त्यामुळे तुमच्या वाट्याला शेवटच्या मोजक्या तालमी येतात. ठरलेल्या घाटाच्या सामाजिक नाटकात त्या सराईतपणे निभावून नेतात, कौतुकच करावं असं. पण नव्या काळोखी नाटकात सगळा भार एखाद्या आईच्या मौनावर असेल, तर ते मौन दोन तालमींत बसत नाही. स्पर्धेची तालीम महिना-दोन महिने चालते आणि सगळा संच रोज समोर असतो. तुमच्या नाटकाचा कणा बाई असेल, तर बाकी काहीही असो, मी स्पर्धाच म्हणेन.

खर्चाचं थोडक्यात: जत्रेत वर्गणी आणि देणगीदार यांवर भागतं, स्पर्धेत नेपथ्याचा खर्च आधी तुमच्या खिशातून जातो.

निवड होतच नसेल तर आधी वाचन करा. कुणाच्या तरी बाल्कांवांत (घरापुढच्या ओसरीत) पंधरा-वीस माणसं जमवा, त्यांत नाटकवाले निम्म्याहून कमी ठेवा. लेखकाने स्वतः वाचू नये, तो जिथे लिहिताना रडला तिथे वाचतानाही थांबतो आणि ऐकणारे लाजेखातर गप्प राहतात. वाचन संपल्यावर "कशें दिसलें?" हा प्रश्न टाळा, उत्तर "बरें" असंच येणार. त्याऐवजी विचारा: कुठल्या पात्राची कीव आली, गोष्ट कुठे हातातून सुटली, आणि घरच्या मुलांना हे दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांनी मान हलवून नकार दिला, तर जत्रेचा विचार सोडा, कारण तिथे पहिल्या रांगेत मुलंच बसलेली असतात आणि त्यांना उठवायला कुणी येत नाही.