नेट आहे का: सिस्टीमला विचारावं की सर्व्हरला?

अँड्रॉइडचा नेटवर्क कॉलबॅक (जोडणी बदलली की सिस्टीमने स्वतः कळवण्याची सोय) लावला की वायफाय तुटताच अ‍ॅपला निरोप येतो, बॅटरीही फारशी खात नाही. पण त्या निरोपातलं ‘उपलब्ध’ म्हणजे जोडणी झाली एवढंच. ब्राउझरमधलं ‘नॅव्हिगेटर.ऑनलाइन’ (नेट आहे का, हे वेबपानाला सांगणारी खूण) तर राउटरपर्यंत पोहोचलं तरी ‘हो’ सांगतं, पुढची लाइन बंद का असेना.

दुसरा मार्ग म्हणजे आपल्या सर्व्हरला छोटी विनंती पाठवून २०४ (‘विनंती पोहोचली, परत पाठवायला मजकूर नाही’ असा कोड) या उत्तराची वाट पाहणं. आधी लॉगिन मागणारं वायफाय इथे सहसा पकडलं जातं. २०४ ऐवजी ३०२ (दुसऱ्या पानाकडे वळवणारा कोड) किंवा २०० (लॉगिनचं पानच उत्तर म्हणून) येतो, नाहीतर विनंतीच फसते. मात्र दर पाच सेकंदांनी विचारलंत, तर फोनचा रेडिओ (नेटवर्कशी बोलणारा भाग) झोपतच नाही आणि बॅटरी खातो.

मी कॉलबॅक आल्यावर एकदाच तपासतो. आणि कुणी मोठा फॉर्म भरून ‘सेव्ह’ दाबलं, तर मजकूर आधी फोनवर साठवतो, तपासणी काहीही म्हणो.