जुनं पुष्पक विमान कोल्हापुरात सांभाळताना: वापरानंतरचा अनुभव

पुष्पक घेतल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे, "पार्ट कुठं मिळतात?" विचारणारा कोल्हापूरचा असेल तर उत्तरही तोच देतो, "उद्यमनगरात बनवून घ्या की!" उद्यमनगर म्हणजे इथली कारखान्यांची आणि लेथवाल्यांची वस्ती. या शहराला तसं म्हणायचा हक्क आहे. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी इथंच स्वदेशी सिने-कॅमेरा तयार केला. ऑइल इंजिनं, पंप, कास्टिंग यांवर इथल्या कित्येक पिढ्या जगल्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधून देशभर माल जातो. पण विमान घरात आल्यावर मी एक रेघ ओढून घेतली आणि आजवर ती पाळली. जे हवेत जाणार, ते उद्यमनगरात करायचं नाही. जे जमिनीवर राहणार, ते सगळं तिथंच करायचं. जुनं विमान परवडेल का, त्यापेक्षा ही रेघ पाळता येईल का हा प्रश्न मला मोठा वाटतो.

ज्यांना पुष्पक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिंदुस्तान एअरक्राफ्टने बेंगळुरूत, डॉ. वि. मा. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली हे विमान बनवलं. पहिलं उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ ला झालं. सुमारे १६० विमानं बांधली गेली आणि देशातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या त्यावर शिकल्या. शेजारी शेजारी दोन सीट, वर पंख, मागे शेपटीचं छोटं चाक, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. पुढे कॉन्टिनेंटल सी-९०, चार सिलिंडरचं ९० अश्वशक्तीचं इंजिन. त्याला सेल्फ स्टार्टर नाही, प्रॉपेलर हाताने फिरवावा लागतो.

हाताने फिरवणं ऐकायला थरारक वाटतं. प्रत्यक्षात ते शिस्तीचं काम आहे. चाकांना ठोकळे लावायचे, शेपटी बांधायची, आत ब्रेक धरून बसलेला माणूस वैमानिकच हवा. बाहेरच्याने "स्विच ऑफ" म्हणायचं, आतल्याने स्विच बघून तेच शब्द परत म्हणायचे, मगच हात लावायचा. मॅग्नेटोला, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज देणाऱ्या यंत्राला, बॅटरी लागत नाही, तो स्वतःची वीज स्वतः तयार करतो. स्विच त्याला फक्त अर्थिंग करून गप्प बसवतो. अर्थिंगची ती एक वायर तुटली की स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. म्हणून थांबलेला प्रॉपेलरही चालू आहे असंच समजायचं. बघायला आलेल्या पोरांना मी हे सगळ्यात आधी सांगतो.

आता कागदांबद्दल. विमानाच्या देखभालीवर सही लागते ती परवानाधारक इंजिनिअरची. मालकाने कितीही चांगलं काम केलं तरी ते त्यांनी तपासून लॉगबुकात नोंदवल्याशिवाय विमान उडायला मोकळं होत नाही. लँडिंग गिअरचा एक बोल्ट बदलायचा होता. उद्यमनगरातले तात्या, ज्यांच्या लेथवर मी लहानपणापासून काम बघत आलोय, हातात घेऊन म्हणाले, "ह्यात काय हाय? दुपारपर्यंत दोन काढून देतो." मी तो बोल्ट इंजिनिअर साहेबांपुढे ठेवला.

"तात्या याच्यापेक्षा सरस काढतील," साहेब म्हणाले. "पण हे पोलाद कुठल्या हीटचं, म्हणजे भट्टीच्या कुठल्या घाण्याचं, त्याची ट्रीटमेंट कशी झाली, हे कोण लिहून देणार?"

तात्यांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांना राग आला नाही. फौंड्रीवाल्यांकडून टेस्ट सर्टिफिकेट मागून घेणारा माणूस तो, लगेच समजला. बोल्ट बाहेरून मागवला, कागदांसह. एका पुरवठादाराने मात्र चकचकीत पाकिटात कागदाशिवाय पार्ट पाठवले होते. ते तसेच परत गेले. त्या भांडणात बराच वेळ गेला आणि विमान तेवढे दिवस उभं राहिलं. हा या मालकीतला खरा त्रास आहे. पैशापेक्षा वाट बघणं जास्त.

पण तात्यांनी जे करून दिलं त्याला तोड नाही. शेपटी उचलून विमान सपाट ठेवायचा स्टँड, उंची स्क्रूने कमीजास्त होणारा. पंख उतरवला तर ठेवायला गादी लावलेला घोडा. इंधनाच्या ड्रमसाठी गाडा. इंजिनाखाली सरकणारा तेलाचा ट्रे, त्याच्या एका कोपऱ्याला उतार, म्हणजे ट्रेमध्ये धातूची कणी आली तर तिथंच गोळा होईल. हा उतार त्यांच्या डोक्यातून आला, मी सांगितला नव्हता.

कापडाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घेणारे लोक इंजिनाकडे बघतात आणि कापडाकडे बघत नाहीत. पूर्वीच्या ग्रेड-ए सुती कापडाची नवी ताकद इंचाला ८० पौंड धरतात. ती ५६ च्या खाली आली की कापड बदलायचं. कापडाला मारतं ते ऊन. म्हणून डोपच्या, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या लेपाच्या, थरांमध्ये अॅल्युमिनियमची पूड घातलेला चंदेरी थर असतो, तो अतिनील किरण अडवतो. तो नीट आहे का हे बघायची सोपी पद्धत आहे. अंधार करून आतल्या बाजूने दिवा धरायचा. उजेड बाहेर झिरपला तर थर पातळ झालाय. माझ्या विमानात पंखांवर काळोख होता, पण शेपटीच्या एका पृष्ठभागावर पोरीच्या ओढणीतून दिसावा तसा उजेड दिसला. तेवढा भाग सोलून नवं पॉलिस्टर कापड चढवलं.

ते काम बघण्यासारखं होतं. पॉलिस्टर कापड चिकटवलं की आधी सैल आणि सुरकुतलेलं दिसतं. मग इस्त्री. होय, इस्त्रीच, पण तिचं तापमान थर्मामीटरने तपासलेलं. आधी साधारण १२० अंश सेल्सिअसला एक फेरी, शेवटची १७५ च्या आसपास. त्यापुढे गेलं तर कापड उलट सैल पडतं. इस्त्री सरकते तशी सुरकुती डोळ्यादेखत निघून जाते आणि टिचकी मारली की घुमारा येतो. मग रिबभोवती, म्हणजे आतल्या फासळ्यांभोवती, दोऱ्याची शिलाई, प्रत्येक टाक्याला ठरलेली गाठ, त्यावर पट्टी, मग डोप. साहेब शेजारी उभे राहून गाठी मोजत होते.

कोल्हापूरचा पावसाळा हा दुसरा मोठा विषय. जून ते सप्टेंबर हवेत जी ओल असते, ती पोलादी नळ्यांना आणि बंद इंजिनाला खाते. सांगाड्याच्या खालच्या नळ्या, शेपटीकडच्या टोकाला, जिथं विमान उभं असताना पाणी साचतं, तिथं गंज आतून सुरू होतो. बाहेरून रंग छान दिसतो. टोकदार आरीने दाबून बघितल्याशिवाय कळत नाही. इंजिनाबद्दल अनेकांचा सल्ला असतो, "आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करा." मला तो पटत नाही, आणि इंजिन बनवणारेही त्याच्या विरोधात आहेत. जमिनीवर थोडा वेळ चालवलं तर तेल इतकं तापत नाही की त्यातलं पाणी वाफ होऊन जावं. उलट नवीन ओल आत तयार होते. उडायचं असेल तर पुरेसं उडवा, नसेल तर नीट बंद करा. आम्ही प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे गंज रोखणारं, तेल घातलं, वरचे चारही प्लग काढून तिथं ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे पारदर्शक प्लग बसवले, एक्झॉस्ट आणि ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी) बंद केले आणि प्रॉपेलरवर "हलवू नका" अशी पाटी लावली. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदलायचं. ऐन पावसात ते भराभर गुलाबी होत होतं.

पावसाळ्यानंतर उघडताना कुंभारीण माशीला विसरू नका. पिटोची नळी (वेग मोजायला समोरची हवा घेणारी) आणि इंधनाच्या टाकीचं हवेचं भोक, दोन्ही तिला घरट्यासाठी आवडतात. पिटो बुजला तर वेग दिसत नाही. टाकीचं भोक बुजलं तर इंधन येणं थांबतं. लाल फडक्याची टोपी दोन्हींवर कायम असते, आणि उडायच्या आधी ती काढली का हे दोघांनी बघायचं.

इंधन अॅव्हगॅस १००एलएल, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानांचं शिसंयुक्त पेट्रोल. पूर्वी ते सगळं आयात व्हायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याला बनवतं. हे इंजिन मुळात ८० ऑक्टेनच्या इंधनासाठी बनलेलं, आणि १००एलएलमध्ये शिसं त्याच्या चौपट असू शकतं. परिणाम खालच्या प्लगांवर दिसतो, पोर्सिलीनच्या खाचेत शिशाचे बारीक करडे मणी. ते टोकदार हत्याराने हलक्या हाताने काढायचे आणि प्लगांची वर-खाली अदलाबदल करायची. पंपावरचं पेट्रोल स्वस्त म्हणून घालावं असं सुचवणारे भेटतील. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराची वाट लावतं. अजिबात घालू नका.

कॉम्प्रेशन बघताना सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडतात आणि सिलिंडर किती धरतो ते वाचतात. आकड्याइतकाच कान महत्त्वाचा. सुस्कारा एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आला तर इनटेक, तेलाच्या तोंडातून आला तर रिंगा. माझ्या एका सिलिंडरचा सुस्कारा एक्झॉस्टमधून येत होता. उड्डाणानंतर इंजिन गरम असताना पुन्हा तपासलं तेव्हा आकडा चांगला आला, त्यामुळे सिलिंडर उतरवायची वेळ आली नाही.

उडण्याबद्दल फार लिहीत नाही. उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूर विमानतळाची, धावपट्टी १९३९ पासूनची, आता प्रवासी विमानांच्या वेळा सांभाळून आपली वेळ घ्यायची. सकाळी हवा शांत असते तेव्हा पुष्पक फार सुंदर उडतं. दमट हवेत थ्रॉटल मागे घेण्याआधी कार्ब्युरेटर हीट ओढा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा मिळेल. या इंजिनात बर्फ लवकर धरतो, आणि बाहेर २० अंश असतानाही धरतो.

घ्यायचा विचार असेल तर बघायला जाताना आरसा, टॉर्च आणि सुती फडकं न्या. फडकं कंट्रोल केबलवरून (पंख-शेपटीचे हलणारे भाग ओढणाऱ्या तारांवरून), विशेषतः पुलीजवळ, हळू ओढा. एखादी तार तुटली असेल तर सूत तिथं अडकतं. मग विमान बाजूला ठेवून लॉगबुकं मागा, इंजिनाचं वेगळं, विमानाचं वेगळं, पहिल्या पानापासून. मध्ये काही वर्षं गायब असतील तर त्या काळात विमान कुठं आणि कशाखाली उभं होतं हे विचारा. उत्तर पटलं नाही तर किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नका.