चढाई दाखवणारे स्नोबोर्डपट: जेरेमी जोन्स यांचे ‘डीपर’, ‘फर्दर’ आणि ‘हायर’

स्नोबोर्डिंगच्या, म्हणजे एका फळीवर उभे राहून बर्फाळ उतारावरून घसरण्याच्या खेळाच्या, अनेक चित्रपटांत खेळाडू थेट माथ्यावर उभा दिसतो. हेलिकॉप्टर त्याला तिथे सोडते आणि मिनिटभरात तो संगीताच्या तालावर खाली येतो. अमेरिकी स्नोबोर्डर जेरेमी जोन्स यांनीही अलास्कात बरीच वर्षे हेच केले होते. पुढे त्यांनी हेलिकॉप्टर सोडून पायी चढायचे ठरवले आणि त्यातून ‘डीपर’ (२०१०), ‘फर्दर’ (२०१२) व ‘हायर’ (२०१४) हे तीन चित्रपट उभे राहिले.

या चित्रपटांचे खरे बळ चढाईच्या दृश्यांत आहे. जोन्स आणि त्यांचे सोबती वापरतात तो स्प्लिटबोर्ड उभा दुभागतो. दोन्ही भागांच्या तळाला एकाच दिशेने केस असलेल्या पट्ट्या चिकटवल्या, की ते स्कीसारखे पुढे सरकतात आणि मागे घसरत नाहीत. उतार फारच उभा झाला, की फळी पाठीवर जाते आणि क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे अणकुचीदार खिळे) व बर्फात रोवायची कुऱ्हाड बाहेर येते. ज्या कड्यावरून उतरायचे, त्याच कड्यावरून तासन्‌तास चढताना बर्फाचा थर कुठे घट्ट आहे आणि कुठे सुटेल, हे पायांना कळत जाते. प्रेक्षकालाही ते कळावे इतका वेळ संकलनाने चढाईला दिला आहे, म्हणूनच शेवटी काही क्षणांत उरकणाऱ्या उताराची धास्ती आपल्यापर्यंत पोहोचते. जोन्स स्वतः त्या चढाईत असल्याखेरीज हे साधले असते, असे मला वाटत नाही.

तिन्हींत ‘हायर’ मला सर्वांत परिपूर्ण वाटला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केप कॉडच्या गोल्फ मैदानांवरच्या टेकड्या चढणारा मुलगा, वायोमिंगमधल्या जॅक्सन होलचा तरुण आणि नेपाळच्या हिमालयात २१ हजार फुटांहून उंच ‘शांग्री-ला’ या हिमभिंतीवर पोहोचलेला स्नोबोर्डर, असा प्रवास त्यात आहे. त्या उंचीवर एकेक वळण घेतानाही दम लागतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पची वाट चाललेल्या मराठी ट्रेकरला ते श्वास ओळखीचे वाटतील.

‘फर्दर’ मात्र विखुरलेला आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाचा आर्क्टिक प्रकाश अप्रतिम टिपला आहे, परंतु जपान, ऑस्ट्रिया आणि अलास्का यांना सांधणारा धागा त्यात सैल पडतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. जोन्स यांनी २००७ साली हवामानबदलाविरुद्ध ‘प्रोटेक्ट अवर विंटर्स’ ही संस्था स्थापन केली. अशा माणसाने विमानाने जग पालथे घालण्याबद्दल चित्रपटांत अधिक खोलात बोलायला हवे होते. निर्मितीसंस्था टीटन ग्रॅव्हिटी रिसर्च त्यांच्या भावांनीच उभारलेली आहे; बाहेरच्या कोणी कॅमेऱ्यामागून हा अडचणीचा प्रश्न विचारला असता, तर चित्रपट अधिक सशक्त झाले असते.

चपळ कसरती पाहायच्या असतील, तर हे चित्रपट संथ वाटतील. गिर्यारोहणाची आवड असलेल्यांनी मात्र ते मोठ्या पडद्यावर अवश्य पाहावेत. सुरुवात ‘डीपर’पासून करावी, कारण हेलिकॉप्टरविना अलास्कात राहणे म्हणजे काय, हे त्यातल्या हिमनदीवरच्या मुक्कामात स्पष्ट होते. वेळ एकाच चित्रपटापुरता असेल, तर ‘हायर’ निवडावा.