आधी इंधन, की इंधन आणि इंजिन जोडीने?

मराठवाड्यात उसापासून इथेनॉल निघते आणि वाळूजमध्ये दुचाक्या तयार होतात, म्हणजे इंधन आणि इंजिन हे दोन्ही प्रश्न इथे घरचेच आहेत. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे, तर फक्त इंधन बदलायचे की इंजिनही त्याच्याबरोबर बदलायचे, हा खरा प्रश्न.

इंजिन जुनेच ठेवून फक्त इंधन बदलण्याचा मार्ग लवकर अमलात येतो, कारण पंपावरचे मिश्रण बदलले की रस्त्यावरची प्रत्येक गाडी त्यात आपोआप ओढली जाते. मात्र एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांची तूट पडते आणि जुने इंजिन ती भरून काढू शकत नाही. औशाकडच्या एका गॅरेजात, पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मोटारसायकलचा कार्बोरेटर उघडला तेव्हा तळाशी साचलेले पाणी आणि फुगलेले रबरी वायसर मी पाहिले आहेत. इथेनॉल ओलावा शोषते.

जोडीने बदल केल्यास इथेनॉलचा वरचा ऑक्टेन अंक (दाबाखाली इंधन अवेळी न पेटण्याचे माप) कामी येतो : इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण दाबण्याचे प्रमाण, वाढवता येते आणि गेलेल्या ॲव्हरेजचा काही भाग परत मिळतो. असा जोडीचा बदल आपण पाहिला आहे : १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ हे वाहनांच्या धुराचे निकष लागू झाले तेव्हा इंधनातील गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाखांत दहा भाग) आले आणि त्याच वेळी डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी बसली. गंधक जास्त राहिले असते तर धूर शुद्ध करणारी ती यंत्रणा नीट चाललीच नसती.

मला दुसरा मार्ग पटतो, जरी तो महाग आणि संथ असला तरी. तोवर जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोलही पंपावर मिळायला हवे. (उसाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब निराळाच, २०१६ मध्ये लातूरला पाणी रेल्वेने आणावे लागले होते.)